ज्याचें त्याचें वेगळेपण

(महोत्सवाच्या सायंकाळीं धर्मग्रामाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आजच्या सायंकाळीं मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां माझ्यापुढें विषय ठेवला होता तो आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाचा. त्या आज्ञेप्रमाणें मीं जुनीं दफ्तरें काढून बसलों. बाप्तिस्म्याच्या नोंदी, विवाहांच्या नोंदी, मृतांच्या नोंदी, पानांमागून पानें मीं वाचलीं. नांव, बापाचें नांव, आईचें नांव, धर्मपिता, धर्ममाता, तारीख आणि खालीं धर्मगुरूची सही. रकाने नीटनेटके भरलेले आहेत; माझ्या आधीं येथें सेवा केलेल्या गुरुजनांचे त्याबद्दल आभारच मानले पाहिजेत. पण वाचतां वाचतां माझ्या मनाला एक रुखरुख लागली. इतकीं नांवें डोळ्यांखालून गेलीं, आणि माणूस मात्र एकही भेटला नाहीं. म्हणून समितीची क्षमा मागून मी आज इतिहास बाजूस ठेवतों व त्या रकान्यांत जें मावलें नाहीं त्याविषयीं बोलतों.

आरंभीं माझा स्वतःचा एक अपराध आपणांपुढें कबूल करतों. ज्या बाईंमुळें तो मला कळला त्यांची अनुमति घेऊनच ही हकीकत सांगत आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या धर्मग्रामांतील एक गृहस्थ वारले. कारखान्यांत फिटरचें काम करून ते निवृत्त झाले होते. अंत्यविधीच्या वेळीं मीं प्रवचन केलें. मृत बंधु प्रेमळ होते, मनमिळाऊ होते, कष्टाळू होते, धर्मशील होते, असें मीं सांगितलें. लोकांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मला वाटलें, आपलें कर्तव्य यथासांग पार पडलें. महिन्याच्या मिस्सेनंतर त्यांची विधवा पत्नी मला भेटावयास आली. थोडा वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ती माउली म्हणाली, “फादर, राग मानूं नका. त्या दिवशीं तुम्ही बोललांत तें सगळें चांगलें होतें. पण आमच्या शेजारचे म्हातारे गेले, तेव्हांही तुम्ही तेंच बोलला होतांत. माझ्या माणसाचें त्यांत काय होतें?”

बंधूंनो, मला उत्तर सुचलें नाहीं. तीस वर्षें मी वेदीपाशीं उभा राहत आलों. परंतु इतका सरळ प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता. मीं तिला बसवून घेतलें व म्हटलें, “बाई, आतां तुम्हीच मला सांगा.” मग तिनें सांगितलें. तिचा नवरा तापट होता. भाजीवाल्याशीं, शेजाऱ्याशीं, आणि (हें सांगतांना ती किंचित् हसली) माझ्याशींही तो भांडत असे. माझें प्रवचन लांबलें कीं तो मनगटावरचें घड्याळ काढून पुढच्या बांकावर ठेवी, अशासाठीं कीं तें मला दिसावें. दिवाळीला व नाताळाला तो कधीं कोणाला शुभेच्छा देत नसे; म्हणे, तोंडानें काय होतें? पण त्याच्या पिशवींत नेहमीं तेलाची एक लहानशी कुपी असे. कोठेंही गेला आणि दार करकरलें कीं तो न विचारतां खालीं बसे, बिजागरीला तेल घाली, दार दोनदां उघडून मिटून पाही आणि निघून जाई. चाळींतल्या साऱ्या खोल्यांचीं दारें त्यानें अशीं गप्प केलीं होतीं. “आणि फादर,” ती म्हणाली, “आपल्या देवळाचें बाजूचें दार इतकीं वर्षें आवाज करीत नव्हतें, तें काय उगीच?”

ती गेल्यावर मी देवळांत गेलों व बाजूचें दार उघडलें. तें करकरलें.

त्या एका आवाजानें मला जें शिकविलें तें सेमिनरींतल्या ग्रंथांनीं शिकविलें नव्हतें, असें मी म्हणणार नाहीं. ग्रंथांत तें होतेंच, पण माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत आम्हांला शिकविलें जाई कीं, लॅटिन भाषेंतील ‘पेर्सोना’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ नटानें तोंडावर चढविलेला मुखवटा असा आहे. आपला ‘व्यक्ति’ हा शब्द मात्र निराळ्या मुळाचा. व्यक्ति म्हणजे प्रकट झालेलें, उघड झालेलें. एका शब्दाच्या उगमाशीं झांकणें आहे, दुसऱ्याच्या उगमाशीं उघडणें आहे. मीं त्या अंत्यविधीच्या दिवशीं काय केलें? प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धर्मशील हे चार मुखवटे एकावर एक चढवून एक व्यक्ति झांकून टाकली. शब्द खोटे नव्हते. ते कोणालाही बसत होते, हाच त्यांचा दोष होता.

स्कॉटलंडमध्यें जन्मलेला फ्रान्सिस्कन पंडित दन्स स्कॉटस हा १३०८ सालीं मरण पावला. त्यानें व त्याच्या शिष्यांनीं ह्या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केला. सगळीं माणसें माणूसपणांत सारखीं. मग हा माणूस ‘हा’ कशामुळें ठरतो? त्यांचें म्हणणें असें कीं, प्रत्येक वस्तूंत सर्वसाधारण गुणांपलीकडे तिचें स्वतःचें असें एक ‘हेंपण’ असतें, व तें दुसऱ्या कोणांत असूं शकत नाहीं. ह्या विचाराच्या खोलांत मी आज शिरत नाहीं. परंतु त्याचें मर्म आपल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. बाजारांत शंभर मुलें एकदम रडूं लागलीं, तरी आपलें कोणतें हें आईला वळून न पाहतां कळतें.

ह्या ‘हेंपणा’ची एक खूण परमेश्वरानें आपल्या बोटांच्या टोकांवर उमटवून ठेविली आहे. बंगालमध्यें जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८५८ सालीं एका कंत्राटदाराकडून करारपत्रावर पंजाचा ठसा घेतला. हेतु इतकाच कीं, मागाहून त्यानें ‘मीं सही केलीच नाहीं’ असें म्हणूं नये. पुढें हर्शेलनें अनेकांचे ठसे जमविले आणि त्याच्या लक्षांत आलें कीं, वर्षें लोटलीं तरी ह्या रेषा बदलत नाहींत. १८९२ सालीं फ्रान्सिस गॉल्टन ह्यानें ह्या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी उघडली. त्या ठशांची वर्गवारी बसविण्याच्या कामीं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या आपल्याच दोन देशबांधवांची बुद्धि खर्ची पडली, हें अभिमानानें सांगण्याजोगें आहे. ह्या रेषा आईच्या उदरांत सहावा महिना संपण्यापूर्वींच पुऱ्या होतात. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावांच्या, ज्यांना त्यांची मावशीही ओळखूं शकत नाहीं त्यांच्याही, बोटांवरच्या रेषा सारख्या नसतात. उदरांत असतांनाच देवानें मला घडविलें व ओळखलें, असें स्तोत्रकर्ता कृतज्ञतेनें गातो. त्याला हें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण सत्य ठाऊक होतें.

परंतु येथेंच मला एक गोष्ट आठवते. आपल्या धर्मग्रामांतील एक वृद्ध बाई शिधावाटपाच्या दुकानांतून रिकाम्या हातानें परत आली. यंत्रावर तिनें अंगठा ठेवला, दुसरें बोट ठेवलें, तिसरें ठेवलें. यंत्रानें तिला ओळखलें नाहीं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचीं भांडीं राखेनें व चुऱ्यानें घासून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. गवंडीकाम करणाऱ्या, चुना-सिमेंट कालविणाऱ्या अनेकांची हीच कथा आहे. ती माझ्यापुढें हात पसरून म्हणाली, “बघा फादर, माझें नांवच पुसलें.” मीं ते हात पाहिले. त्या क्षणीं मला वाटलें, बाई, तुझें नांव पुसलें गेलेलें नाहीं. तें ह्या झिजण्यांतच लिहिलें आहे. ज्या रेषा घेऊन ती जन्मली त्या देवानें दिलेल्या. ज्या रीतीनें त्या झिजल्या ती तिनें देवाला परत दिलेली. यंत्राला पहिली गोष्ट दिसते. दुसरी पाहण्यासाठीं माणूसच लागतो.

तेव्हां वेगळेपण म्हणजे काय, ह्या प्रश्नाचें उत्तर मला असें द्यावेंसें वाटतें. आपल्याजवळ इतरांहून अधिक काय आहे, हें कांहीं वेगळेपण नव्हे. दया, श्रद्धा, कष्ट हीं सर्वांना सांगितलेलीं आहेत. तीं ज्याच्या हातून ज्या ढंगानें घडतात, तो ढंग ज्याचा त्याचा. तेलाची कुपी ही त्या फिटरची दया होती. ती दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

आपल्या मातींतल्या पहिल्या संताकडे पाहा. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. १५५७ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्याच मुलखांतली. त्या काळीं अशा संमिश्र कुळांत जन्मलेल्या मुलाकडे दोन्ही बाजूंचे लोक थोडें तिरकसच पाहत. पण दोन भाषांच्या घरांत वाढलेल्या ह्या मुलाचा कान तयार झाला. जेझुइट गुरूंच्या हाताखालीं शिकून पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो जपानास गेला व तेथील भाषा त्यानें आत्मसात केली. त्या संघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यानें व्यापार केला, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा ब्रदर म्हणून तो दाखल झाला. गुरुपदाची दीक्षा त्याला नव्हती. परंतु १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, वकिलात घेऊन निघाले, तेव्हां त्यांना दुभाषी हवा होता. आणि हवा तो माणूस त्यांना ह्या वसईकरांत सांपडला. जन्मामुळें जें उणें मानलें जात होतें, त्यांतूनच उपजलेला गुण देवाच्या कामीं आला.

१५९७ च्या फेब्रुवारीच्या ५ तारखेस नागासाकीच्या टेकडीवर गोन्सालो यांस क्रूसावर चढविण्यांत आलें. त्यांच्याबरोबर आणखी पंचवीस जण होते. दिवस एक, टेकडी एक, मरण एक. तरी त्या सव्वीसांमध्यें कोणी दुसऱ्यासारखा नव्हता. सहा जण फ्रान्सिस्कन, तिघे जेझुइट, बाकीचे सतरा साधे श्रद्धावंत. पौल मिकी हा उपदेशक. त्यानें क्रूसावरूनही उपदेशच केला व मारणाऱ्यांना क्षमा केली. लुई इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा मुलगा. तो मुलाच्याच उत्साहानें आपला क्रूस कोणता म्हणून विचारीत होता, असें सांगतात. ख्रिस्तसभेनें १८६२ सालीं ह्या सर्वांना एकाच दिवशीं संत म्हणून घोषित केलें. पण त्यांचीं नांवें एकांत एक मिसळलीं नाहींत. पावित्र्यानें माणसें एका सांच्याचीं होतात असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ह्या टेकडीकडे पाहावें. पाप मात्र माणसांना एकसारखें करतें. लोभी माणसें सर्व देशांत एकाच तोंडवळ्याचीं असतात, आणि दारूच्या गुत्त्यांत रात्रीं ऐकूं येणारीं भांडणें सगळ्या वाड्यांत तींच असतात.

आपल्या शेजारचेंच एक उदाहरण घ्या. अंधेरीच्या पूर्वेस, आज जेथें सीप्झचे कारखाने व कचेऱ्या आहेत, त्या आवारांत संत योहान बाप्तिस्त ह्यांच्या जुन्या देवळाचे भग्नावशेष उभे आहेत. तें देऊळ १५७९ सालचें. १८४० सालीं साथीमुळें लोकांनीं तें सोडलें व धर्मग्राम मरोळला हलला. ज्या वर्षीं तें देऊळ बांधलें, त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट तरुण गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्याबरोबरचे अनेक गुरुजन विद्वान होते, तपस्वी होते. ह्या माणसाचें वेगळेपण असें कीं, तो इथल्या भाषेच्या प्रेमांत पडला. इतरांनीं मराठी गरजेपुरती शिकली असेल; त्यानें ती जिवाभावाची केली. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. छापतांना देवनागरी अक्षरांचे खिळे हाताशीं नसल्यामुळें तो रोमन अक्षरांत छापावा लागला. त्यानें रचलेलें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मरणानंतर १६४० सालीं बाहेर पडलें. विल्टशायरच्या खेड्यांत जन्मलेल्या मुलाला मराठी ओवीचा नाद लागावा, हें कोणत्या रकान्यांत लिहिणार? पण ह्या नादामुळेंच कोंकणांतल्या आपल्या पूर्वजांनीं येशूची कथा आपल्या घरच्या छंदांत ऐकली.

कोणी म्हणेल, फादर, हे संत आणि कवि झाले. आमच्यासारख्या सामान्यांचें काय? आणि माणसाच्या दोषांचें काय? त्यांनाही वेगळेपण म्हणून ओवाळावयाचें काय? ह्या दोन्ही प्रश्नांना मी एका बाईचें उदाहरण देऊन उत्तर देतों. ती आपल्या कॅथलिक पंथाची नव्हती, पण ख्रिस्ताची होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. टिळक कवि म्हणून महाराष्ट्राला ठाऊक होते. १९१९ सालीं ते वारले. लक्ष्मीबाईंना शाळेचें शिक्षण असें फारसें नव्हतें. त्यांनीं आपल्या संसाराच्या आठवणी सांगितल्या, आणि त्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या नांवानें १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झाल्या. ज्यांनीं तें पुस्तक वाचलें आहे त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. त्या बाईनें आपल्या नवऱ्याला एकही मुखवटा चढविला नाहीं. त्यांचा राग, त्यांचा विसरभोळेपणा, हातांत आलें तें देऊन टाकण्याची खोड, घरांतून मनांत येईल तेव्हां निघून जाणें, सारें तिनें लिहिलें. स्वतःचेंही वेडेपण लपविलें नाहीं. लिहितांना ती हसते, आणि तिच्या हसण्यांत कोठेंही विष नाहीं. पुस्तक मिटतांना टिळक आपल्याला लहान झालेले वाटत नाहींत. उलट ते आपल्या घरीं येऊन बसल्यासारखे वाटतात. मीं त्या फिटरसाठीं जें करावयास हवें होतें, तें ह्या बाईनें आपल्या माणसासाठीं करून दाखविलें. प्रेमाला दोष दिसत नाहींत असें आपण म्हणतों. तें खरें नव्हे. प्रेमाला दोष दिसतात, पण दोषांवरच त्याची नजर अडकून राहत नाहीं.

ह्याचा अर्थ दोष जोपासावे असा मात्र कोणीं करूं नये. ‘माझा स्वभावच असा’ हें वाक्य मीं पापनिवेदनाच्या वेळीं फार वेळां ऐकलें आहे, आणि तें ऐकून नवऱ्याच्या हातचा मार खाणारी बायको माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली आहे. स्वभाव ही सबब नव्हे. ती देवाच्या हातीं द्यावयाची कच्ची माती आहे. संत पेत्र उतावळा होता. प्रभूनें त्याचा उतावळेपणा काढून घेऊन त्याला थंड केलें नाहीं; त्या उतावळेपणालाच खडकाचें बळ दिलें, पण त्याआधीं त्याला रडावें लागलें. संत थोमा हा हातानें चांचपल्यावांचून न मानणारा. प्रभूनें त्याची खोड जाणली, आपल्या जखमा पुढें केल्या, आणि त्याच संशयी तोंडून श्रद्धेची सर्वांत स्पष्ट कबुली बाहेर पडली. सुतार लांकडाला रंधा मारतो, तेव्हां सालपें निघतात, पण सागाचा आंबा होत नाहीं. कृपेचें काम असेंच आहे.

आतां आईबापांशीं दोन शब्द बोलतों. आपली जोगेश्वरी दाटीची. दहा बाय दहाच्या खोल्या एकीला एक लागून. एकाच्या घरचा निकाल दुसऱ्याच्या घरीं आधीं कळतो. परीक्षेच्या दिवसांत मी चाळींतून जातों, तेव्हां एकच वाक्य पुष्कळ उंबरठ्यांवर ऐकतों: त्याच्याकडे बघ, आणि तुझ्याकडे बघ. अशा वेळीं मान खालीं घातलेलीं पोरें मीं पाहिलीं आहेत. त्यांतला एखादा मुका जनावरांवर जीव टाकणारा असतो, एखादी मुलगी आजीचें दुखणें डॉक्टरांच्या आधीं ओळखणारी असते. पण त्याचे गुण गुणपत्रिकेंत धरलेले नसतात. लिसिअची संत तेरेसा लहान होती, तेव्हां तिला असा प्रश्न पडला कीं, स्वर्गांत सर्वांना सारखें वैभव नसेल, तर कमी मिळालेले दुःखी होत असतील काय. तिची मोठी बहीण पोलीन हिनें बापाचा मोठा पेला आणि तेरेसेचें शिवणाचें अंगुस्तान शेजारीं ठेवून दोन्हीं पाण्यानें कांठोकांठ भरलीं, आणि ह्यांत अधिक भरलेलें कोणतें, असें विचारलें. तेरेसा १८९७ मध्यें चोविसाव्या वर्षीं मरण पावली; पण तो धडा ती जन्मभर विसरली नाहीं. आईबापहो, तुमच्या घरीं अंगुस्तान असेल तर तें भरा. पेल्यासारखें नाहीं म्हणून त्याला ठोकूं नका.

आणि तरुणांनो, तुम्हांला उलट सांगावयाचें आहे. तुमच्या कानीं रात्रंदिवस पडतें कीं, वेगळे दिसा, उठून दिसा. त्यासाठीं केस, कपडे, छायाचित्रें, किती खटाटोप! आणि गंमत अशी कीं सगळे एकाच तऱ्हेनें वेगळे दिसूं लागले आहेत. स्वतःचें वेगळेपण आरशांत शोधणाऱ्याला तें सांपडत नाहीं. त्या फिटरला कोणीं विचारलें असतें कीं तुमचें वैशिष्ट्य काय, तर तो भांडावयास उठला असता. त्याचें लक्ष दाराकडे होतें. ज्याचें लक्ष दुसऱ्याच्या दाराकडे जातें, त्याचें वेगळेपण आपोआप उमटतें. तें त्याला स्वतःला दिसत नाहीं, इतरांना दिसतें.

येथें धर्मग्रामाचें कर्तव्य सुरू होतें. कारण जें इतरांनाच दिसूं शकतें, तें इतरांनीं पाहिलें नाहीं तर हरवतें. आपल्या गांवाला ज्यांच्यामुळें नांव मिळालें तीं जोगेश्वरीचीं लेणीं सहाव्या शतकांतलीं आहेत. एवढा डोंगर ज्यांनीं पोखरला, खांब सोडले, दालनें काढलीं, त्यांतल्या एकाही पाथरवटाचें नांव आज आपल्याला माहीत नाहीं. सीप्झमधल्या त्या पडक्या देवळांत कोण गुडघे टेकीत होतें, कोणाचें मूल तेथें पहिल्यांदा रडलें, साथीच्या दिवसांत शेवटचें दार कोणीं ओढून घेतलें, तेंही कोणी सांगूं शकत नाहीं. देवाला तीं नांवें पाठ आहेत, ही आपली श्रद्धा. पुनरुत्थानाच्या पहांटे मग्दालियाची मरिया बागेंत रडत होती आणि समोर उभ्या असलेल्या प्रभूला माळी समजत होती. प्रभूनें तिला पुरावे दिले नाहींत, प्रवचन केलें नाहीं. फक्त तिचें नांव घेतलें, आणि तिनें ओळखलें. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नांवानें हांक मारतो, असें त्यानेंच सांगितलें होतें. ज्याच्या गुरूची ही रीत, त्या धर्मगुरूनें आपल्या मेंढराला चार ठरीव विशेषणांत गुंडाळून मातींत ठेवावें, ह्याची मला लाज वाटते.

म्हणून ह्या महोत्सवानिमित्त एक साधी गोष्ट करावी असें माझ्या मनांत आहे. वेदीमागच्या खोलींत दफ्तरांच्या शेजारीं मीं एक कोरी वही ठेविली आहे. येत्या नोव्हेंबरमध्यें, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यांत, प्रत्येक घरानें तेथें यावें आणि आपल्या गेलेल्या माणसाविषयीं एक ओळ लिहावी. अट एकच. प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धर्मशील हे चार शब्द त्या वहींत येतां कामा नयेत. तो काय करी, ती काय म्हणे, कशावर चिडे, कशाला हंसे, कोणतें गाणें बेसूर गाई, पावसांत कोणासाठीं दोन छत्र्या घेऊन स्टेशनावर उभी राही, तें लिहा. ज्यांना लिहितां येत नाहीं, त्यांचें मी लिहून घेईन. ज्यांचें मागें कोणी उरलें नाहीं, त्यांचें शेजाऱ्यांनीं लिहावें. आणि जिवंत माणसांविषयीं असें कांहीं आठवलें, तर वहीची वाट न पाहतां तें त्यांना आजच घरीं जाऊन सांगावें. मेल्यावर सांगण्याची आपली जुनी संवय आहे.

पहिली ओळ मीं लिहून ठेविली आहे. ती तेलाच्या कुपीविषयीं आहे, आणि बांकावर ठेवलेल्या घड्याळाविषयींही. त्या माउलीनें ती वाचली व पुष्कळ वेळ वहीवर हात ठेवून ती बसून राहिली. मग जातांना म्हणाली, “आतां हें त्यांचें झालें.”

देवळाच्या बाजूचें दार अजून करकरतें, हें आपण आज आंत येतांना ऐकलेंच असेल. तें मीं मुद्दामच तसें राहूं दिलें आहे. त्या आवाजानें मला दर सकाळीं मिस्सेपूर्वीं आठवण होते कीं आज माझ्यापुढें जे येणार आहेत, त्यांतला प्रत्येक जण देवानें एकदांच घडविला आहे. पण महोत्सवानंतरही दार तसेंच करकरत राहावें असें माझें म्हणणें नाहीं. तुमच्यांत कोणाच्या पिशवींत तेलाची कुपी असेल तर त्यानें माझी परवानगी विचारूं नये. त्यानेंही विचारली नव्हती.

माझ्या बोलण्याला किती वेळ लागला हें पाहण्यासाठीं आज समोरच्या बांकावर घड्याळ नाहीं, म्हणून मी आपण होऊनच थांबतों. ज्या प्रभूनें आपणांस नांवानें हांक मारून ह्या धर्मग्रामांत आणिलें, तो आपणां सर्वांना एकमेकांस ओळखण्याची दृष्टि देवो. पवित्र मरियामाता आपल्या घरांवर मायेचें पांघरूण घालो. आणि जे आपल्या आधीं गेले त्यांना, ज्याच्या त्याच्या नांवानें, अखंड शांति लाभो. आमेन.